बार्नीने ऐकलेली घंटा

यंदा नाशकात थंडी जरा लवकरच आली. दुपारी ऊन खायला म्हणून मी गॅलरीत खुर्ची टाकून बसते आणि नेमकी त्याच वेळेला खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंची नैवेद्याची घंटा वाजते. किणकिण, किणकिण. साधी पितळेची, घरोघरी असते तशी घंटा. माणसाला त्या आवाजाने बरं वाटायला हवं. माझ्या मात्र हातातलं विणकाम खाली पडतं आणि मी उठून उभी राहते, कुणाचा तरी पट्टा धरायला. मग मलाच माझं हसू येतं. अगं बाई, बस खाली, तू आता दुखानला नाहीस, असं स्वतःला सांगते आणि सुटलेले टाके उचलायला घेते.

दुखान म्हणजे कतारच्या पश्चिम किनाऱ्यावर तेल कंपनीने वसवलेलं गाव. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. ह्यांची नोकरी इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटमध्ये, मीनल नुकती शाळेत जायला लागलेली, आणि आमची बंगली टाउनशिपच्या अगदी शेवटच्या ओळीत. कुंपणापलीकडे दगडांचा माळ, त्याच्या पलीकडे उथळ हिरवट समुद्र. उन्हाळ्यात दारं-खिडक्या घट्ट लावून आम्ही एसीच्या घरघरीत पडून असायचो. बाहेर जग आहे की नाही, ते कळायचं नाही. मग नोव्हेंबर सरता सरता वारा फिरायचा, एसी बंद व्हायचा आणि घराला एकदम ऐकू यायला लागायचं. लाटा, लांबवर जळणाऱ्या गॅसची धगधग, शेजारच्या बंगलीतल्या कपबशा, माळावरच्या शेळ्या. तिथला हिवाळा मला थंडीने नाही, कानांनी आठवतो.

त्या हिवाळ्यात आमचा कुत्रा जगतो की मरतो, हे ठरायचं होतं.

बार्नी खरं तर आमचा नव्हेच. शेजारच्या इंग्रज जोडप्याचा करार संपला. कुत्रा बरोबर न्यायचा तर विलायतेत त्याला कित्येक महिने सरकारी पिंजऱ्यात ठेवावं लागणार होतं, आणि त्या बाईंना ते सोसणार नव्हतं. त्यांनी ह्यांना विचारलं. ह्यांनी "नो प्रॉब्लेम!" म्हणून टाकलं. मला न विचारता! घरी येऊन सांगितलं तेव्हा मी असा काही आवाज चढवला की मीनल पलंगाखाली जाऊन बसली. चांगला धिप्पाड, काळाभोर लॅब्राडोर, त्याचे केस झाडणार कोण, त्याला फिरवणार कोण? मी अबोला धरला. तो फार टिकला नाही, कारण कुत्र्याने ह्यांचा ऑफिसचा बूट उचलून माझ्या पायाशी आणून ठेवला आणि माझी शाबासकी घ्यायला बसून राहिला. हे एका पायात बूट घालून सगळं घर शोधत होते. काय बोलणार आता?

सासूबाईंनी एकच अट घातली. त्या आदल्याच वर्षी, मामंजी गेल्यावर, नाशकाहून आमच्याकडे आल्या होत्या. बरोबर दोन नऊवारी पातळं, देव आणि देवांची घंटा. देवघर म्हणजे स्वयंपाकघरातली एक फळी, पण तिच्या खाली त्यांनी खडूने रेघ मारली आणि म्हणाल्या, "ह्या रेघेच्या आत कुत्रं येता कामा नये. बाकी तुमचं तुम्ही बघा."

कुत्रं काय, दुसऱ्या दिवसापासून रेघेला नाक लावून बसायला लागलं.

सासूबाईंचा नेम असा होता. दुपारी वरण-भात, भाजी, पोळी झाली की ताट वाढायचं, पाणी फिरवायचं, डोळे मिटून नैवेद्य दाखवायचा, मग हात जोडायचे आणि अगदी शेवटी घंटा वाजवायची. घंटा वाजेपर्यंत घरात कुणी अन्नाला हात लावायचा नाही, साहेब असो की पोर असो. आणि घंटा वाजली की पहिला घास गाईचा, गोग्रास. आता दुखानमध्ये गाय कुठून आणायची? उंट होते, पण ते दारात यायचे नाहीत. नाशकात ज्या घासासाठी दाराशी गाय हंबरायची, तो तूप घातलेला वरणभाताचा घास इथे त्या कितीतरी दिवस कुंपणाबाहेर दगडावर ठेवत होत्या आणि मुंग्या तो नेत होत्या. त्यांना त्याची फार रुखरुख होती. बार्नी आला तशी त्यांची रुखरुख संपली. "मुक्या जिवाच्या तोंडात गेल्याशी कारण," म्हणाल्या आणि त्याचं बारक्या असं बारसंही करून मोकळ्या झाल्या.

नैवेद्याची तयारी सुरू झाली की बारक्या रेघेबाहेर हजर. "थांब हं," असं एकदा म्हटलं की पुतळा. जिभेवरून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबायची, पण हलायचा नाही. घंटा वाजली की तीरासारखा उठून घास घ्यायचा. आम्हाला कोण कौतुक! आल्यागेल्याला दाखवायचो. आपण कुत्र्याला काय शिकवून बसलोय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग वारा फिरला, एसी बंद झाले आणि खिडक्या उघडल्या.

त्या सकाळी मी पोहे भिजवत होते. माझ्या मागून काहीतरी काळं गेलं, जाळीचं दार धाडकन आपटलं आणि बार्नी कुंपण ओलांडून माळावर. मी चपला न घालता धावले. अबू सालेम म्हणून त्या भागातले एक वयस्क बदू, म्हणजे वाळवंटातले धनगर, होते, त्यांचा कळप तिथे चरायला यायचा. मी पोचले तोवर शेळ्या चौफेर उधळलेल्या, धूळ नुसती, आणि त्या सगळ्या गोंधळाच्या मध्यभागी आमचा हा शहाणा ताठ बसलेला. लाळ गाळत. माझ्याकडे असा बघत होता की काय चुकलं? मला त्याच्या निलाजरेपणाची इतकी चीड आली की मी त्याला कानाला धरून घरी आणलं. एक गाभण शेळी पळताना दगडांत पडली होती. तिचा पाय मोडला.

अबू सालेम संध्याकाळी पिकअप घेऊन दारात आले. भरपाईचं ह्यांनी काढलं तर त्यांनी हाताने थांबवलं. सासूबाईंनी आतून चहा पाठवला, तो त्यांनी उभ्याउभ्याच प्यायला. मग कप माझ्या हातात देऊन दोहाच्या बाजारात शिकलेल्या हिंदीत म्हणाले, "मॅडम, कल्ब मुश्किल. एक बार माफ. दूसरी बार, खलास." कल्ब म्हणजे कुत्रा, तेवढं अरबी मला येत होतं. खलासचा अर्थ तर आखातात पाऊल ठेवल्याबरोबर कळतो.

आठवडा झाला नाही तोच दुसरी बार घडली. बांधलेला होता हो! दोरी तोडून गेला. शेळ्यांना ह्या खेपेला काही झालं नाही, पण अबू सालेम आता आमच्या दाराशी आले नाहीत, थेट कॅम्पच्या मोठ्या साहेबांकडे गेले.

मोठे साहेब इंग्रज, बोलायला सौम्य. त्यांनी आम्हाला बोलावून खुर्च्या दिल्या आणि सांगितलं की शेळ्यांमागे धावणारा कुत्रा टाउनशिपमध्ये ठेवता येत नाही. दुसरं घर बघा. दुसरं घर कोण देणार? कॅम्पभर बातमी पसरलेली. मग एकच रस्ता उरत होता, दोहाला व्हेटकडे नेऊन इंजेक्शन. साहेबांनी तो शब्द उच्चारताना खिडकीबाहेर बघितलं. कुत्रा नको म्हणून घर डोक्यावर घेणारी मीच ना? मला तिथे त्यांच्या ऑफिसात रडू फुटलं आणि ह्यांनी रुमाल पुढे केला, तो ग्रीसने माखलेला निघाला.

आमच्या मदतीला आल्या पेनबाई. ह्या मिसेस पेन मीनलच्या शाळेत शिकवायच्या आणि हिवाळ्यात कॅम्पातल्या इंग्रजांच्या कुत्र्यांची एक स्पर्धा असायची, तिचं सगळं बघायच्या. उंच, तांबूस, गळ्यात कायम शिट्टी. गनडॉग स्पर्धा म्हटल्यावर मला आधी वाटलं, कुत्र्याला बंदूक चालवायला लावतात की काय! तसं नव्हतं. शिकारी पक्षी पाडतो; त्या वेळी कुत्र्याने जागचं हलायचं नाही. सांगितलं की जायचं, पक्ष्याला दात न लावता उचलायचं आणि मालकाच्या हातात द्यायचं. दुखानात खऱ्या पक्ष्याऐवजी कॅनव्हासची भरीव पिशवी फेकत, तिला डमी म्हणत. लॅब्राडोरची जातच ह्या कामाची. पेनबाई साहेबांना म्हणाल्या, ह्या कुत्र्याला मी स्पर्धेत उतरवते. तिथे तो सुधारल्याचं दिसलं तर?

साहेब स्पर्धेचे जज्जही होते. त्यांनी विचार करून अट सांगितली. स्पर्धेच्या सकाळी अबू सालेमचा कळप बार्नीसमोरून जाईल. गळ्यात दोरी नाही, मॅडमनी हाक मारायची नाही, खूण करायची नाही. जागेवर राहिला तर राहील. उठला, तर दुसऱ्या दिवशी दोहा.

आणि कुत्र्याला घेऊन उभं राहायचं कुणी? हे ड्युटीवर. म्हणजे मी! सायकलसुद्धा न येणारी, नाशकाच्या शाळेत खो-खोतही बाहेर बसवलेली मी!

तेव्हापासून रोज सकाळी मी पंजाबी ड्रेस, ह्यांचं जाकीट आणि मीनलची लाल लोकरी टोपी अशा अवतारात किनाऱ्यावर जायला लागले. पेनबाई कडक. माझी शिट्टी वाजायची नाही, नुसता वारा निघायचा. घरी सराव करायला लागले तर सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "वाजव हो, वाजव. तेवढंच राहिलं होतं आमच्या घराण्यात." पण त्यांचे कानही माझ्याकडे असायचे. वाजली की म्हणायच्या, "ही बरी आली."

कुत्रा हुशार निघाला. डमी फेकली, बसून राहिला. बंदुकीचा फुसका बार काढला, बसून राहिला. पाठवल्यावर लाटांत शिरून डमी आणली, तिच्यावर दाताची खूण नाही. पेनबाईंनी भुवया उंचावल्या. थांबायला शिकवताना इतर लोकांचा हिवाळा जातो, ह्याला कुणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या सासूने. त्यांना वाटलं मी विनोद केला.

पण शेळ्या! पेनबाईंनी त्याला दोरीने बांधून शेळ्यांजवळून न्यायला लावलं. एका कळपाजवळून गेलो तर आमचे बार्नीसाहेब जांभई देत चालले. दुसऱ्या दिवशी अबू सालेमच्या कळपाजवळून गेलो तर अशी मुसंडी मारली की मी वाळूत तोंडावर. कोपर सोललं, टोपी उडाली. एका कळपाच्या शेळ्या चालतात, दुसऱ्याच्या चालत नाहीत, ही काय भानगड? पेनबाईंनीही पहिल्यांदाच डोकं खाजवलं. परत येताना मीनलने विचारलं, "ही वोन्ट गो टू दोहा, राइट, आई?" पोरगी मराठीत विचारलेलं सगळं समजायची आणि उत्तर कायम इंग्रजीत द्यायची. मी वाळूने भरलेली टोपी झटकत राहिले. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. जेवण जाईना, झोप लागेना, आणि कुत्रा मात्र माझ्या पलंगाखाली मजेत घोरत पडलेला.

कोडं उलगडलं ते अंगणात. दुपारची वेळ, मी मागच्या कुंपणाशी सराव घेत होते. डमी फेकलेली, बार्नी बसलेला, मी शिट्टी ओठांशी नेलेली. आणि स्वयंपाकघरातून घंटा आली. किणकिण, किणकिण. बार्नी उठला तो सरळ घराकडे. वाटेतली डमी तुडवली, मीनलची तिचाकी सायकल पाडली, जाळीच्या दाराला धडकला आणि आत रेघेशी जाऊन ताठ बसला. लाळ गाळत. मी दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिले. अगदी अस्सा, अस्साच बसला होता तो त्या दिवशी शेळ्यांच्या मधोमध.

अबू सालेमच्या पुढच्या शेळीच्या गळ्यात पितळेची घंटा होती. बाकीच्या कळपांत नव्हती.

"आई, तो शेळ्यांमागे जात नाही हो!" मी ओरडलेच. "तो गोग्रासाला जातो!"

सासूबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांना समजायला क्षणभर लागला, मग त्या मटकन पाटावर बसल्या. "अगं बाई! म्हणजे मीच की काय..." बार्नी आळीपाळीने आम्हा दोघींकडे बघत होता. घंटा वाजली, मग घास का येत नाही?

पेनबाईंना सांगितलं तर त्या आधी पोट धरून हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या. शिकवणं सोपं, शिकवलेलं पुसणं अवघड. घंटा बंद ठेवून भागणार नाही, तो विसरणार नाही. घंटा वाजली पाहिजे, खूप वाजली पाहिजे, कुठेही वाजली पाहिजे, आणि तिच्यामागून काहीही मिळता कामा नये. तेही किनाऱ्यावर, वाऱ्यात, उघड्यावर. आणि घंटा तीच हवी.

तीच म्हणजे देवाची. मी घरी येऊन चाचरत विषय काढला. सासूबाई ताडकन म्हणाल्या, "देवाची घंटा कुत्र्याच्या शाळेत? माझ्या सासूने दिलेली घंटा आहे ती. डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" मीही तापले. म्हटलं, "मग काय करू? दोहाला पाठवू त्याला?" त्या उठून देवापाशी जाऊन बसल्या. हे घरी आले तेव्हा घरात दोन टोकांना दोन बायका आणि मध्ये कुत्रा.

सकाळी मी जाकीट चढवत होते तर सासूबाई दारात तयार. नऊवारी, त्यावर ह्यांचा जाडा कोट, पायांत मोजे आणि चपला. कमरेला घंटा खोचलेली. "चल," म्हणाल्या. "मी वाजवीन. दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही."

दुखानच्या किनाऱ्यावर, हातात शिट्ट्या घेतलेल्या गोऱ्या बायकांच्या रांगेत, नऊवारीतली माझी सासू पूजेची घंटा वाजवत उभी होती, हे आज मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पहिल्या दिवशी बार्नी घंटेसरशी त्यांच्या अंगावर जाऊन पडायचाच बाकी राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. घास नाही मिळाला की बिचारा गोंधळायचा, कण्हायचा. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. "हे फसवणं आहे गं," म्हणायच्या. मग त्यांनीच एक तोड काढली, पेनबाईंना न विचारता. घंटा वाजवताना त्या डोळे मिटून घ्यायच्या. डोळे मिटलेले आहेत तोवर घंटा कितीही वाजो, काही मिळणार नाही. डोळे उघडून "घे रे बाळा" म्हटलं की घास. घरी नैवेद्यालाही तसंच सुरू केलं. "घंटा देवाची," त्या मला म्हणाल्या, "आणि घास माझ्या डोळ्यांचा. आता त्याला खोटं नाही वाटणार."

हळूहळू जमायला लागलं. हळूहळू म्हणजे फारच हळू. चार वेळा बसला की पाचव्या वेळेला उठायचा. स्पर्धा उद्यावर आली तरी तो भरवशाचा झाला नव्हता, आणि हे मला, पेनबाईंना, सगळ्यांनाच माहीत होतं. ह्यांनी रजा टाकली. कारमध्ये बार्नीचा पट्टा मीनलच्या हातात होता आणि तिने तो मनगटाला दोनदा गुंडाळला होता.

सकाळ स्वच्छ, वारा उत्तरेचा, बोचरा. घडीच्या खुर्च्या, थर्मास, इंग्रजांची हसरी बडबड. त्यांची मजा चालली होती आणि माझी पाचावर धारण बसली होती. लांब पिकअपशेजारी अबू सालेम काठीला टेकून उभे. त्यांनी आमच्याकडे बघितलं, पण मान हलवली नाही.

आधीचं सगळं पार पडलं. बार झाला, डमी उडाली, शेजारच्या कुत्र्याला पाठवलं, बार्नी हलला नाही. मग दुसरी डमी लांब झुडपाशी टाकली. ती आणायची ती शेळ्या गेल्यावर. साहेबांनी हात वर केला आणि मी पट्टा काढला. कडी निघता निघेना. बार्नीच्या डावीकडे खुर्च्यांची रांग, समोर मोकळी वाळू. मी ठरल्याप्रमाणे सरळ समोर बघत उभी राहिले.

"यल्ला, यल्ला!" अबू सालेमचा आवाज आला आणि कळप निघाला.

आधी घंटा ऐकू आली. मग शेळ्या दिसल्या. पुढे ती मोठी तपकिरी शेळी, घंटा गळ्यात. बार्नीचे कान उभे राहिले, ते मला डोळ्यांच्या कडेने दिसलं. लाळेची तार सुटली. शेळ्या जवळ आल्या तसा तो कण्हला, आणि त्याचं ढुंगण जमिनीवरून उचललं गेलं. इतकंसंच. संपलं, मी मनात म्हटलं. बार्नी, बाळा, बस रे. तोंडातून शब्द काढता येत नाही आणि डोळ्यांसमोर दोहाचा रस्ता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. खूण दिली असती तर तिथेच खेळ खलास होता.

मग त्याने मान डावीकडे वळवली. मलाही राहवेना, मी तिरपं बघितलं. खुर्च्यांच्या रांगेत सासूबाई हात जोडून, डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या.

बार्नी खाली बसला.

आणि ती तपकिरी बया! पुढे जाईल तर शपथ. नेमकी बार्नीच्या समोर थांबली आणि मागच्या पायाने मान खाजवायला लागली. घंटा नुसती खणखणतेय. मला हुंदका येत होता आणि हसूही येत होतं. खुर्च्यांमधली बडबड थांबली होती. सासूबाईंचं मीनलशी कुजबुजणं मला वाऱ्यावर ऐकू येत होतं. "गेल्या का गं?" "नो, आजी." "आता?" "नॉट येट, आजी. डोन्ट ओपन!" त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालांवर येत होतं, ते त्या पुसत नव्हत्या. बार्नी अंगभर कापत होता आणि त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढत नव्हता.

अबू सालेम पुढे झाले, शेळीच्या पाठीत काठी टेकवली आणि कळप हलला. घंटेचा आवाज लहान होत होत टेकाडामागे गेला. साहेबांनी हात खाली केला आणि मला म्हणाले, पाठवा त्याला. मी कशीबशी "फेच" म्हणाले. बार्नी झुडपापर्यंत बाणासारखा गेला, डमी उचलली, वळला, आणि माझ्या पुढे केलेल्या हातांकडे ढुंकूनही न बघता थेट खुर्च्यांकडे गेला. सासूबाईंनी तेवढ्यात डोळे उघडले होते. त्याने वाळूने भरलेली डमी त्यांच्या नऊवारीत ठेवली आणि ताठ बसला.

"घे रे बाळा," त्या म्हणाल्या. डब्यात वरणभात आणलाच होता.

मालकाच्या हातात डमी दिली नाही म्हणून आमचा शेवटचा नंबर आला. साहेबांनी कागदावर तसं लिहिलं, पेन खिशात ठेवलं आणि म्हणाले, कुत्रा राहील. मी वाळूत फतकल मारून रडले. पेनबाई माझ्या पाठीवर थोपटत राहिल्या, आणि मीनल ओरडत सगळ्यांना सांगत सुटली, इंग्रजीत आणि मराठीत. अबू सालेम सासूबाईंपाशी आले. छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आज चाय नहीं?" त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे बसून चहा घेतला. दोन कप.

मागाहून मी सासूबाईंना विचारलं, की डोळे मुद्दाम मिटले होते का. खूण करायची नव्हती ना? त्या म्हणाल्या, "तुला मनाई होती. मला कुणी सांगितलं होतं? आणि मी काही खूण केली नाही. घंटा वाजली, नमस्कार केला." मी जास्त खोदून विचारलं नाही.

पुढचे तीन-चार हिवाळे आम्ही स्पर्धेत उतरलो. एकदा तिसरे आलो, त्याचा पेला अजून माझ्या कपाटात आहे, त्यात सुया असतात. बार्नीने डमी माझ्या हातात द्यायलाही शिकून घेतलं, पण आधी एक नजर खुर्च्यांकडे टाकायचा. मग त्याचं तोंड पांढरं झालं. कान गेले. बंदूक, शिट्टी, शेळ्या, घंटा, त्याला काही ऐकू येईना. दुपारी मात्र रेघेशी येऊन बसायचा आणि सासूबाईंच्या पापण्यांकडे बघत राहायचा. त्या उघडल्या की घास घ्यायचा.

तो गेला तोही हिवाळ्यातच, झोपेत. ह्यांनी आणि अबू सालेमनी मिळून कुंपणापलीकडे, किनाऱ्याकडे तोंड करून खड्डा खणला. अबू सालेमनी वर दगड रचले. कुत्र्यासाठी ते एवढं करतील असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी नेहमीसारखं ताट वाढलं, पाणी फिरवलं, डोळे मिटले, हात जोडले. घंटा वाजवली. घंटा थांबली. गोग्रास पानावर काढून ठेवलेला, तुपाचा वास सुटलेला, आणि रेघेबाहेर मोकळी फरशी. मीनल ताटावर बसून होती. मी वाट बघितली. सासूबाई डोळे उघडीनात.

"आई," मी हळूच म्हटलं, "झाला नैवेद्य. उघडा आता डोळे."

"थांब हं," त्या म्हणाल्या, आणि तशाच बसून राहिल्या.